मान सगळ्यात शेवटी उघडतात: गळ्यावरील दाबाने झालेल्या मृत्यूचा पुरावा शवविच्छेदनात कसा शोधतात

गळ्यावर दाब येऊन मृत्यू झाल्याचा संशय असला की शवागाराबाहेर पहिला प्रश्न ठरलेला असतो: गळ्यातले हाड मोडले होते का? तपास अधिकारी विचारतात, वकील विचारतात, बातम्यांतही तेच येते. हाड मोडले असेल तर खून आणि शाबूत असेल तर आत्महत्या, असा हिशेब लोकांच्या मनात पक्का बसला आहे. तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. गळफासातही हाड मोडते आणि हाताने गळा दाबून केलेल्या खुनातही ते कित्येकदा शाबूत राहते. डॉक्टरांचे मत कोणत्याही एका खुणेवर ठरत नाही. मान कोणत्या क्रमाने उघडली, प्रत्येक थरात काय दिसले आणि काय दिसले नाही, हे सगळे जुळवून ते ठरते.

आधी प्रकार. गळफासात मानेभोवतीचा दोर किंवा कापड शरीराच्या स्वतःच्या वजनाने ताणले जाते. दोरीने गळा आवळण्यात ताण देणारी शक्ती बाहेरची असते, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातांची. तिसरा प्रकार हाताने गळा दाबण्याचा. कोपराच्या बेचक्यात मान धरून किंवा गुडघ्याने दाब देण्याची प्रकरणेही या तिसऱ्या प्रकाराजवळची आहेत. त्यांत वरून काहीच न दिसण्याची शक्यता जास्त असते, कारण दाब रुंद आणि मऊ पृष्ठभागावर पसरतो.

मानेत नेमके काय दबते

गळा दाबला की श्वास कोंडतो आणि माणूस जातो, एवढेच चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर असते. श्वासनलिका दबणे हा त्यातला एकच भाग आहे. मानेच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडून रक्त खाली आणणाऱ्या शिरा असतात. त्या वरच्या थरात असतात आणि त्यांच्या भिंती पातळ असतात. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या त्याहून खोल आणि जाड भिंतीच्या. आणखी दोन धमन्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात, त्यांना हाडाचे कवच असते. त्यामुळे सगळे एकाच वेळी बंद होत नाही. शिरा लवकर मिटतात, धमन्यांमधून रक्त मात्र वर चढत राहू शकते.

शवविच्छेदनातली निम्मी चिन्हे या एका फरकातून समजतात. डोक्यात रक्त चढते आहे पण उतरत नाही, अशी स्थिती काही काळ टिकली तर चेहरा सुजतो, जांभळा पडतो आणि बारीक रक्तवाहिन्या फुटून टाचणीच्या टोकाएवढे रक्तठिपके उमटतात. याउलट शरीराचे पूर्ण वजन फासावर आलेल्या गळफासात धमन्याही लगेच बंद होतात, डोक्यात रक्त साचायला वावच मिळत नाही. म्हणून अशा मृतदेहाचा चेहरा फिकट असतो आणि ठिपके थोडे असतात किंवा नसतातच. दाब कमी-जास्त होत राहिला, झटापट झाली, पकड सुटून पुन्हा बसली, तर ठिपके भरपूर. चेहरा गडद जांभळा, ठिपके दाट आणि ते सगळे दाबाच्या रेषेच्या वरच असतील, तर डॉक्टर सावध होतात.

हे ठिपके शोधावे लागतात. पापण्या उलटून आतली बाजू पाहायची, डोळ्याचा पांढरा भाग, कानांमागची त्वचा, ओठांची आतली बाजू, हिरड्या, आणि कवटी उघडताना टाळूच्या कातडीची आतली बाजू. वर्ण गडद असेल तर चेहऱ्याच्या त्वचेवर ते जवळजवळ दिसत नाहीत, अशा वेळी डोळे आणि तोंड यांवरच भिस्त ठेवावी लागते.

ठिपके दिसले म्हणजे गळा दाबला, असे मात्र नाही. फ्रान्सच्या ऑग्युस्त आंब्रुआज तार्दियू यांनी १९ व्या शतकात फुप्फुसांवरील अशा ठिपक्यांना गुदमरून आलेल्या मृत्यूची खूण मानले होते. पुढे हेच ठिपके हृदयविकाराने गेलेल्यांत दिसले, झटके येऊन गेलेल्यांत दिसले, छाती दाबून हृदय सुरू करण्याचा प्रयत्न झालेल्यांतही दिसले. मृतदेह डोके खाली असलेल्या स्थितीत बराच वेळ पडला असेल तर केवळ रक्त साचूनही ठिपके तयार होतात. ठिपके रक्तदाब वाढल्याची कहाणी सांगतात, तो कशाने वाढला हे इतर पुराव्यांनी सांगायचे असते.

फासाचा व्रण वाचताना

पाठ्यपुस्तकातली जोडी सगळ्यांना माहीत असते. गळफासाचा व्रण तिरका, कंठाच्या वर, गाठीच्या दिशेने चढत जाणारा आणि गाठीपाशी तुटलेला. आवळण्याचा व्रण आडवा, कंठाच्या पातळीवर किंवा खाली आणि मानेभोवती पूर्ण फिरलेला. ही जोडी उपयोगी आहे, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबणे धोक्याचे. शरीर अर्धवट टेकलेले असेल किंवा सरकगाठ असेल तर गळफासाचा व्रणही जवळजवळ आडवा आणि पूर्ण येतो. मागून दोर टाकून वर ओढला असेल तर खुनातला व्रण तिरका येतो.

म्हणून आकारापेक्षा मोजमाप महत्त्वाचे. व्रणाची रुंदी ठिकठिकाणी किती, हनुवटीपासून अंतर किती, छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेपासून किती, दोन्ही कानांमागच्या हाडापासून किती, मानेचा घेर किती, व्रण कुठे तुटतो आणि ते अंतर किती सेंटिमीटर. दोराच्या विणीचा ठसा त्वचेवर उमटला आहे का. व्रणाच्या कडेला दोन वळशांमध्ये चिमटल्या गेलेल्या त्वचेची लाल रेघ आहे का. पट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी हवीत. मागची बाजू हमखास राहून जाते, आणि गाठ कुठे होती हे बहुतेक वेळा तिथेच कळते.

व्रणाची त्वचा तपकिरी, कडक, वाळलेल्या चामड्यासारखी होते. वरचा थर खरवडला गेला की उघडी पडलेली त्वचा सुकते, एवढेच त्याचे कारण. हे मृत्यूनंतरही होते. मेलेल्या माणसाला लटकवले तरी असाच व्रण उमटू शकतो. त्यामुळे असा व्रण फास गळ्यात होता एवढेच सांगतो, तेव्हा माणूस जिवंत होता की नाही ते सांगत नाही. गळफासात गाठीच्या विरुद्ध बाजूला तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळल्याची रेघ हे जिवंतपणीच्या फासाचे बऱ्यापैकी चांगले चिन्ह मानतात, कारण दाबाने लाळग्रंथी उत्तेजित होण्यासाठी माणूस जिवंत असावा लागतो. ही रेघ देह हलवताना पुसली जाते, म्हणून तिची नोंद घटनास्थळीच व्हायला हवी.

हाताने गळा दाबल्यावर बोटांच्या टोकांचे गोलसर वळ आणि नखांचे चंद्रकोरीसारखे ओरखडे येतात. यांतले सगळे ओरखडे हल्लेखोराचे नसतात. पकड सोडवण्याच्या धडपडीत माणूस स्वतःच्याच गळ्यावर उभे ओरखडे काढतो. जीव वाचवण्यासाठी हनुवटी खाली दाबली जाते, म्हणून हनुवटीच्या खालचे खरचटणे नेहमी पाहायचे. वळ पहिल्या दिवशी पुसट असतील तर २४ ते ४८ तासांनी पुन्हा पाहणे फायद्याचे ठरते. अवयव काढल्यावर आसपासचे रक्त निथळून जाते, त्वचा थोडी सुकते आणि आधी न दिसलेले वळ स्पष्ट होतात.

फसवणाऱ्या रेषाही असतात. लठ्ठ माणसाच्या आणि तान्ह्या बाळाच्या मानेवरील नैसर्गिक घड्या, कुजताना फुगलेल्या मानेत रुतलेली कॉलर, गळ्यातल्या दागिन्याचा ठसा. १९२५ साली इंग्लंडमध्ये नॉर्मन थॉर्न याच्यावर चाललेल्या खुनाच्या खटल्यात वाद याच मुद्द्यावर पेटला होता. मृत तरुणीने स्वतःच तुळईला गळफास घेतला, असे थॉर्न सांगत होता. सरकारी तज्ज्ञ बर्नार्ड स्पिल्सबरी म्हणाले, मानेवरच्या रेषा नैसर्गिक घड्या आहेत, फासाची खूण नाही. त्यांनी त्या भागाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केलेली नव्हती. दफन केलेला देह पुन्हा बाहेर काढावा लागला आणि बचावाच्या तज्ज्ञांनी त्याच रेषांना फासाचा पुरावा म्हटले. थॉर्नला फाशी झाली, पण तपासणीच्या त्या उणिवेवरची चर्चा थांबली नाही. ‘फासाची खूण नाही’ हे वाक्यही पुराव्यानिशी लिहावे लागते. संशयित रेषेचा त्वचेसह तुकडा तपासणीला घेतलेला असेल, तर नंतर कोणी प्रश्न केला की दाखवायला काहीतरी हातात असते.

कोरडी मान

शवविच्छेदनाच्या नेहमीच्या पद्धतीत जीभ, स्वरयंत्र आणि छातीतले अवयव एकत्र ओढून बाहेर काढले जातात. गळ्यावर दाबाचा संशय असताना असे केले तर पुरावा कायमचा बिघडतो. मानेतल्या शिरा रक्ताने भरलेल्या असतात. सुरी लागली किंवा ओढाताण झाली की त्या फाटतात, रक्त शेजारच्या मऊ ऊतींत झिरपते आणि ते अगदी जिवंतपणीच्या रक्तस्रावासारखे दिसते. १९५१ साली प्रिन्सलू आणि गॉर्डन यांनी हा प्रकार दाखवून दिला. अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांच्या समोर साचलेले हे रक्त आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. कोणी इजा न करताही शवविच्छेदनाच्या टेबलावर गळा दाबल्याचा ‘पुरावा’ असा तयार होऊ शकतो, आणि त्यावर निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो. आमच्या मते या संपूर्ण विषयात सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे.

उपाय क्रमात आहे. आधी क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन, सोय असेल तर. मग बाहेरची तपासणी आणि छायाचित्रे. मग कवटी उघडून मेंदू काढायचा, छाती आणि पोट उघडून हृदय व फुप्फुसे काढायची. असे केल्याने मानेतले रक्त वरून आणि खालून दोन्हीकडे वाहून जाते. रक्त निथळायला वेळ द्यायचा, खांद्यांखाली ठोकळा ठेवून मान मागे झुकवायची आणि मग सगळ्यात शेवटी मान उघडायची. इथे घाई केली तर आधीचे सगळे वाया जाते.

छेद दोन्ही कानांमागून खाली येऊन छातीच्या हाडावर मिळेल असा घेतात, म्हणजे मानेच्या समोरची त्वचा एकसंध वर उलटता येते आणि फासाचा व्रण कापला जात नाही. त्वचेखालचा पातळ स्नायू आणि चरबी आधी पाहायची. कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत येणारा जाड स्नायू खालच्या टोकाशी सोडवून वर उलटायचा. मग हायॉइड (जिभेच्या बुडाशी असलेले गळ्यातले हाड), स्वरयंत्र आणि छातीचे हाड यांना जोडणारे पट्टीसारखे स्नायू एकेक करून, दोन्ही बाजूंचे, जागच्या जागी. प्रत्येक थराला छायाचित्र. कॅरोटिड धमन्या उभ्या चिरून आतले अस्तर पाहायचे: गळफासात कधीकधी तिथे आडवी चीर असते, तिला फ्रेंच शल्यचिकित्सक अम्यूसा यांचे नाव आहे. हे सगळे झाल्यावरच जीभ आणि स्वरयंत्र एकत्र बाहेर काढायचे. जिभेचे काप घेऊन आतला रक्तस्राव पाहायचा, स्वरयंत्र मागून उघडून आतल्या अस्तरावरचे ठिपके पाहायचे. शेवटी मणक्यांची समोरची बाजू, आणि संशय असेल तर पालथे करून मानेची मागची बाजूही उघडायची. मागून पकडलेल्या मानेत समोर काही नसते आणि मागे खोल स्नायूंत रक्त सापडते.

रक्तस्राव कुठे आहे याला अर्थ असतो. व्रणाच्या बरोबर खाली, एका रेषेत, थोडासा असेल तर तो फासाशी जुळतो. गळफासात खोल रक्तस्राव नसणेही सामान्य आहे. वेगवेगळ्या थरांत, वेगवेगळ्या उंचीवर, दोन्ही बाजूंना विखुरलेला असेल तर पकड बदलत राहिली असा विचार करावा लागतो. बाहेर खूण पुसट आणि आत स्नायूंत रक्त, हे चित्र मऊ वस्तू किंवा कोपराने दिलेल्या दाबात दिसते. त्यामुळे ‘गळ्यावर खूण नाही’ म्हणून मान न उघडणे अक्षम्य आहे. २००१ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथील गळा दाबल्याच्या ३०० तक्रारींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे अर्ध्या प्रकरणांत गळ्यावर नजरेला दिसेल अशी खूण नव्हती. ती जिवंत राहिलेल्या माणसांची नोंद होती, पण त्वचा किती कमी बोलते हे त्यातून कळते.

ते प्रसिद्ध हाड

हायॉइड हे जिभेच्या बुडाशी असलेले, घोड्याच्या नालेच्या आकाराचे लहान हाड. मधला भाग आणि दोन्ही बाजूंना मागे जाणारी लांब शिंगे. तरुणपणी शिंगे मधल्या भागाला कूर्चेने, म्हणजे हाडाहून मऊ आणि लवचिक ऊतीने, जोडलेली असतात, म्हणून लवतात आणि मोडत नाहीत. वय वाढते तशी कूर्चा कडक होते, शिंगे मधल्या भागाशी एकजीव होतात, आणि साधारण चाळिशीनंतर हाड मोडण्याची शक्यता वाढते. लहान मुलांत हाड मोडलेले नसणे याला काहीच अर्थ नाही.

मोडते ते बहुतेक वेळा शिंगाच्या मागच्या एक तृतीयांश भागाजवळ. हाताने दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तुटलेला तुकडा आत वळतो. समोरून मागे दाबल्यावर बाहेर पसरतो. आत वळलेला तुकडा हाताच्या पकडीशी जुळतो, तरी एकट्या त्यावर मत देऊ नये. लोक हायॉइडबद्दल विचारतात, प्रत्यक्षात स्वरयंत्राच्या थायरॉइड कूर्चेची वरची बारीक शिंगे त्याहून जास्त वेळा मोडलेली सापडतात. त्याखालची क्रिकॉइड कूर्चा पूर्ण कड्यासारखी आणि मजबूत असते. गळफासात ती क्वचित मोडते. ती मोडली असेल तर समोरून जोराचा थेट दाब किंवा आघात झाला का, हे पाहावेच लागते.

फसगत इथेही आहे. काहींच्या शिंगाचा सांधा आयुष्यभर जुळतच नाही; तो हलतो आणि अस्थिभंग वाटतो. कडा गुळगुळीत, दोन्ही बाजूंना सारख्या आणि भोवती रक्त नाही, असे असेल तर तो सांधाच. हायॉइड आणि थायरॉइड यांना जोडणाऱ्या अस्थिबंधात कधीकधी कूर्चेची एक बारीक गोळी असते. क्ष-किरणात तिला तुटलेला तुकडा समजण्याची चूक होते. आणि स्वरयंत्र ओढून काढताना डॉक्टरांच्या हातूनही शिंग मोडते. म्हणून अस्थिभंगाच्या जागी रक्तस्राव आहे का, हे पाहायचे आणि तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला ठेवायचा. रक्तस्राव नसलेल्या अस्थिभंगावर खुनाचे मत उभे करता येत नाही. उलट, भोवती लोह साठलेल्या पेशी सापडल्या तर इजा दोन-तीन दिवस किंवा त्याहून जुनी आहे. गळा दाबण्याचा प्रकार आधीही घडला होता का, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

रुग्णालयात नेलेल्या माणसाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. श्वासनलिकेत नळी घालताना तोंडात, घशात जखमा होतात. मानेच्या शिरेत सुई घालताना स्नायूंत रक्त उतरते. त्या नळ्या आणि सुया शवविच्छेदनापर्यंत जागेवरच ठेवाव्यात, म्हणजे कोणते रक्त उपचारांचे आहे ते सांगता येते. माणूस काही दिवस जगून मग दगावला असेल तर व्रण फिके पडलेले असतात आणि मृत्यू मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने किंवा न्यूमोनियाने झालेला दिसतो. अशा वेळी पहिल्या दिवशी रुग्णालयात काढलेली छायाचित्रे हाच मुख्य पुरावा.

घटनास्थळी हरवणारा पुरावा

माणूस जिवंत असण्याची थोडीही शक्यता असेल तर आधी जीव वाचवायचा, पुराव्याचा विचार नंतर. मृत्यू निश्चित असेल तर फास गळ्यातच ठेवून देह पाठवावा. गाठ सोडू नये. काढायची वेळ आली तर गाठीपासून दूर कापावे आणि कापलेली टोके वेगळ्या दोऱ्याने बांधून त्यावर खूण करावी, म्हणजे मूळ टोक कोणते आणि कापलेले कोणते हा गोंधळ होत नाही. गाठ कशी बांधली, किती वळसे, दोर कशाला घासला, धागे कोणत्या दिशेने उभे राहिले, हे त्या दोरावरच असते. हातांना कागदी पिशव्या बांधाव्यात. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नखांखालचे डीएनए खराब होते. नखांचे तुकडे प्रत्येक हाताचे वेगळे, गळ्यावरचे धागे चिकटपट्टीने वेगळे, आणि गळ्याच्या त्वचेवरून डीएनएसाठी कापसाचा बोळाही, शरीर धुण्याच्या आधी.

मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या भागात साचून जांभळे डाग पडतात. लटकलेल्या देहात ते पाय, हात आणि फासाच्या वर दिसतात. डाग पाठीवर घट्ट बसलेले आणि देह लटकलेला, असे असेल तर देह आधी बराच वेळ उताणा होता. रक्त आणि व्हिसेरा विषतपासणीसाठी राखून ठेवायचाच, कारण बेशुद्ध माणसाच्या अंगावर झटापटीची खूण नसते.

देह कुजलेला असेल तर विरघळलेले रक्त ऊतींत पसरून वळांचे सोंग घेते, त्यामुळे मऊ भागातल्या लालसरपणावर मत देऊ नये. दाबलेली त्वचा मात्र शेजारच्या त्वचेपेक्षा उशिरा कुजते, म्हणून व्रणाची पट्टी कधीकधी शाबूत मिळते. हायॉइड आणि स्वरयंत्र पूर्ण काढून, क्ष-किरण घेऊन, नमुने घेतल्यावरच मऊ भाग स्वच्छ करून हाड तपासावे.

अहवालात ‘मृत्यू गळ्यावरील दाबामुळे’ आणि ‘तो दाब दुसऱ्या व्यक्तीने दिला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले शवविच्छेदनातून सिद्ध होऊ शकते. दुसऱ्यासाठी बहुतेक वेळा घटनास्थळ, दोर, डीएनए आणि साक्षी लागतात. डॉक्टरांनी ती दोन वेगळ्या ओळींत लिहावीत, प्रत्येकीसमोर आपला आधार लिहावा, आणि न सापडलेल्या गोष्टीही नावानिशी लिहाव्यात: हायॉइड शाबूत, थायरॉइडची शिंगे शाबूत, पापण्यांत ठिपके नाहीत, मागचे स्नायू उघडून पाहिले, रक्तस्राव नाही.